प्रति: रंगीत रुपये सगळे बनावटच?
जुन्या चांदीच्या रुपयांच्या या चर्चेत वर 'इंद्रधनुषी रंगाचा रुपया म्हणजे रंगवलेलाच' असं म्हटलंय, ते मला पटत नाही. मुंबईच्या दमट हवेत कागदाच्या पुडीत वर्षानुवर्षं पडलेल्या चांदीवर रंग आपोआप चढतो. गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. तो जाड होईल तसा आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा दिसतो. म्हणून आतून कडेकडे याच क्रमाने सरकलेले रंग मला विश्वासाचे वाटतात. सोनेरी छटा कुठेच नसताना थेट गडद निळं दिसलं की मी सावध होतो.

फोर्टमध्ये एकदा १९१८ चा, कमळाखाली टिंब असलेला, म्हणजे मुंबई टांकसाळीचा रुपया केवळ रंगाला भुलून घेतला. घरी दहापट भिंगाखाली पाहिलं तर रंगाखाली बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेचे! आधी घासून चकाकवलेला आणि मग रंगवलेला. फार वाईट वाटलं, कारण घासण्याआधीचं ते नाणं नक्कीच जास्त सुंदर असणार. ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायच्या द्रावणात) बुडवलं तरी रंग हलला नाही. हलणारही नव्हता, ॲसिटोनने लॅकर-शाई निघते, सल्फाइड नाही, मग ते कपाटात धरलेलं असो की कुणी मुद्दाम चढवलेलं. त्यामुळे 'ॲसिटोनमध्ये टिकला तर अस्सल' ही वर सांगितलेली कसोटी कृपया वापरू नका.