आयपॉडचा दाखला इथे लागू पडत नाही

अ‍ॅपलचा होमपॉड, म्हणजे तोंडी सांगितलेलं ऐकणारा स्मार्ट स्पीकर, बाजारात उशिरा आला. त्यावर कुणी म्हणतं, ‘अ‍ॅपलचा गाणी ऐकायचा आयपॉडही उशिराच आला होता, तरी जिंकलाच ना’. हा मुद्दा अर्धाच खरा वाटतो. आयपॉड आला २००१ मध्ये, पण त्याचा खरा जोर वाढला तो विंडोजवाल्यांना आयट्यून्स (आयपॉडमध्ये गाणी भरायचं सॉफ्टवेअर) मिळाल्यावर, म्हणजे २००३ नंतर. दार उघडलं तेव्हा गर्दी आत आली. होमपॉडचं उलट झालं. असेच स्पीकर आधीच बाजारात होते: अ‍ॅमेझॉनचा इको २०१४ चा, गूगल होम २०१६ चा, आणि हा २०१८ मध्ये ३४९ डॉलर किंमत लावून आला. वर अट अशी की सुरू करायलाच आयफोन किंवा आयपॅड हवा. आवाज उत्तम होता, याबद्दल वाद नाही. तरी २०२१ मध्ये मोठा होमपॉड बंद करून ९९ डॉलरच्या छोट्या होमपॉड मिनीवर भिस्त ठेवावी लागली. २०२३ मध्ये मोठा परत आला, तो २९९ ला.

आमच्या इंदूरच्या घरात मात्र निकाल भाषेने लागला. आई आमच्याशी मराठीत बोलते, पण अलेक्साशी, म्हणजे इकोमधून बोलणाऱ्या सहायकाशी, अस्सल इंदुरी हिंदीत. ‘भिया’ (इंदुरी ‘भैया’) तेवढं म्हणायचं बाकी आहे! सकाळी अमीर खाँसाहेबांचं गाणं लावायला सांगते, कुकर लावला की दहा मिनिटांचा गजर. स्वयंपाकघरातल्या या कामाला पहिल्या होमपॉडसारखे सात ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचे छोटे स्पीकर) कशाला हवेत?

भाऊ आयफोनवाला आहे, त्याने मिनी घेतला. तो मिनी भावाच्या खोलीत असतो, आणि आई त्या मिनीला हात लावत नाही.