करारात एचडीसीपी लिहिलंय, सही करू का?

सोलापुरी कॅमेरा: नमस्कार, मी जुळे सोलापूरचा. चादरीच्या मागांवर 40 मिनिटांची डॉक्युमेंटरी केलीय, 4के मध्ये. ओटीटीचा करार आलाय, त्यात डिजिटल आउटपुटला एचडीसीपी 2.2 कंपल्सरी म्हणलंय, म्हणजे ती जबाबदारी माझी का त्यांची? तीन वर्षांची मेहनत आहे ओ, कळल्याशिवाय सही करवत नाही.

वायरवाला: सहसा त्यांची. तुम्ही लायसन्स देणारे, ते घेणारे, कलम घेणाऱ्यावरच आहे ना तेवढं बघा. एचडीसीपी म्हणजे एचडीएमआय वायरमधलं चित्र लॉक करणं, इंटेलने काढलंय. टीव्हीला जोडलेला बॉक्स आधी टीव्हीची डिजिटल किल्ली तपासतो, मधे जुना स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारा डबा) असला की 4के गेलं, चित्र कमी बारकाव्याच्या 1080 वर येतं नाहीतर पडदा काळाच. तुम्ही फाइल द्यायची, लॉक लावणं त्यांचं काम.

सात रस्ता: लॉकपेक्षा करार एक्सक्लुझिव्ह, म्हणजे दाखवायचा हक्क फक्त त्यांनाच, असा आहे का ते बघा आधी! हॉलमध्ये स्वतः दाखवायचा हक्क लेखी ठेवा. आमचं तेच राहिलं, आपलीच फिल्म आपल्या गल्लीत दाखवता आली नाही, अजून वाईट वाटतं.

सोलापुरी कॅमेरा: हे डोक्यातच नव्हतं बघा. पूर्व भागात माग चालवणाऱ्यांनाच पहिली दाखवायचीय, आजच मेल टाकतो.