मीटर लावला की नळ आपोआप बंद होतो का?

कोरडा_हौद

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेचे मीटर बसायला लागल्यापासून दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, वापराप्रमाणे पैसे लावा, लोक सुतासारखे सरळ होतील. दुसरा म्हणतो, मीटर म्हणजे लूट. मला पहिला सूर पटतो, पण अर्धाच.

इथे निवासी मिळकतींची पाणीपट्टी वर्षानुवर्षं करपात्र मूल्यावरून ठरत आली. दोन खोल्यांत सहा माणसं असोत की तीन बेडरूममध्ये एकट्या आजी, आकारणी भिंतींवरून. पाणी किती लागलं हे कोणी विचारतच नाही. तिथे 'पाणी हेच जीवन'चे फलक लावून कोण ऐकणार?

पण नुसता दर वाढवूनही भागत नाही. बिलाचा कागद वाचता आला पाहिजे. वापर घनमीटरमध्ये नको, माणशी रोज किती लिटर ते लिहा. आणि खाली आसपासच्या तशाच घरांची सरासरी छापा. अमेरिकेत जॉर्जियातल्या कॉब काउंटीत २००७ च्या दुष्काळात एक लाखाहून जास्त घरांवर हा प्रयोग झाला. ज्यांना पाणी वाचवण्याच्या नुसत्या सूचना पाठवल्या त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांना शेजाऱ्यांशी तुलना करून पत्र गेलं, त्यांचा वापर ५ टक्क्यांच्या आसपास घटला. चार लोकांत आपण उधळे ठरतोय हे कोणालाच आवडत नाही. आपल्याकडे तर नाहीच नाही.

गळका_व्हॉल्व्ह

५ टक्के! महापालिका स्वतःच सांगते की ३५-४० टक्के पाणी गळतीत जातं. ते सोडून आम्ही शेजाऱ्याच्या बादल्या मोजायच्या? खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरली तरी साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून पुणे जास्त उचलतं म्हणून याच पाण्यावर शेती करणारे दौंड-इंदापूरवाले दर उन्हाळ्यात आपल्या नावाने बोटं मोडतात. त्यांना काय सांगणार, आम्ही दात घासताना नळ बंद करतो?

आधी रस्त्याखालचे पाइप बदला, मग माझ्या बाथरूममध्ये डोकवा.

कोरडा_हौद

अहो, पण गळती मोजणार कशी? टाकीतून किती सुटलं आणि घरांत किती पोचलं, यातला फरक म्हणजे गळती आणि चोरी. घरांत किती पोचलं हे मीटरशिवाय कळत नाही. ३५-४० हा आकडासुद्धा अंदाजच. तुमच्या मागणीलाही मीटरच लागतो.

गळका_व्हॉल्व्ह

मोजायला लावा, माझी ना नाही. बिल लावू नका एवढंच. मोजलेला आकडा गळती शोधायला वापरतील की वसुलीला, हे मी सांगायला नको.

सचिव_नाइलाजाने

तुम्ही दोघेही बंगल्यात राहता का हो? निम्मं शहर सोसायट्यांत राहतं. महापालिकेचा मीटर एक, तोही जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी. पुढचं वाटप आमच्या मेंटेनन्समधून, सर्व सदनिकांना सारखं. एकाने रोज गाडी धुतली तर भुर्दंड ऐंशी घरांत वाटला जातो. त्याला दर दुप्पट केलात काय नि चौपट केलात काय!

"मग घरात मीटर लावा" असं सांगायला सगळे पुढे. जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराला एक लाइन येते, प्रत्येक बाथरूमला वेगळी, ड्राय बाल्कनीला आणखी एक. म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर, त्यातले काही डक्टमध्ये, जिथे प्लंबरही कुरकुरत उतरतो. खर्च कोण करणार? वार्षिक सभेत हा विषय निघाला की चहा येईपर्यंतच टिकतो.

उन्हाळपाखरू

मी २०१८ मध्ये केप टाउनला होते, म्हणून लिहिते. धरणं आटली तेव्हा माणशी रोज ८७ लिटरची मर्यादा होती, फेब्रुवारीपासून ती ५० वर आणली. कपड्यांच्या मशीनचं पाणी फ्लशला, अंघोळ टबात उभं राहून. पण खरा गाजला तो नकाशा. महापालिकेने तो सर्वांसाठी खुला केला होता; ज्या घराचा वापर मर्यादेत, त्यावर हिरवा ठिपका. खाजगीपणावरून टीकाही झाली, तरी माझ्या ओळखीचे लोक आपला ठिपका उमटला का ते रोज बघायचे. २०१५ मध्ये शहर दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर वापरायचं, ते ५० कोटींच्या आसपास आलं. आपल्या वॉर्डांचा असा नकाशा करायला काय हरकत आहे?

गळका_व्हॉल्व्ह

ताई, पुढची गोष्ट राहिली. लोकांनी पाणी वाचवलं, पालिकेचं उत्पन्न घसरलं, आणि त्याच वर्षी जुलैपासून मीटरच्या मापानुसार स्थिर आकार (वापर कितीही असो, ठरलेली रक्कम) बिलात चढला. वाचवलं त्याचं हे बक्षीस! शिवाय पैसेवाल्यांनी बोअर मारून घेतले. पुण्यातही तेच होणार. मीटरचा काटा पळायला लागला की बोअर आणि टँकर. नळाचं पाणी वाचलेलं दिसेल, जमिनीखालचं संपेल.

उन्हाळपाखरू

स्थिर आकाराचं खरं आहे, राग मलाही आला होता. पण पाइप, पंप आणि कामगारांचा खर्च पाणी कमी वापरलं म्हणून कमी होत नाही, हे लोकांना आधीच सांगायला हवं होतं. बोअरच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सांडव्यावरून

पाणीपुरवठ्यात नोकरी केलेला माणूस आहे, आता निवृत्त. केप टाउन कशाला, कराडशेजारचं मलकापूर बघा. २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी आणि मीटर एकदमच आले, वापर वाढेल तसा चढा दर. लोकांना वाटतं चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी. उलट आहे. दिवसाआड तासभर पाणी येतं तिथे घरोघर कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओतून नवं भरतात, नळाला चावी नसते, हौद वाहत राहतो. पाणी कधीही येणार अशी खात्री असली की कोणी साठवत नाही, म्हणून ओतूनही देत नाही.

तेव्हा क्रम महत्त्वाचा: आधी भरवशाचं पाणी, मग बिल. नळाला हवा आणि हातात बिल, अशाने मीटर फोडले जातात. मलकापूर लहान गाव आहे हे मान्य. पुण्याच्या एका झोनमध्ये तरी आधी हे नीट करून दाखवा.

चाळीतली_चावी

चढ्या दराचं सगळे कौतुक करताहेत, म्हणून विचारते. आमच्यासारख्या ठिकाणी एका जोडणीवर तीन-चार कुटुंबं असतात. मीटरला माणसं दिसत नाहीत, वापर वाढला की आम्ही वरच्या दरात. दिल्लीत २०१५ पासून महिना वीस हजार लिटर मोफत, पण त्याच्यावर गेलं की पूर्ण बिल. जोडणी एक, कुटुंबं चार, तर मोफतचा फायदा कोणाला? त्यामानाने मुंबईचा हिशोब दरडोई आहे: १५० लिटरपर्यंत साधा दर, पुढे दुप्पट, २०० नंतर तिप्पट, २५० नंतर चौपट. पण त्यालाही माणसं खरी मोजावी लागतात. भाडेकरूंची नावं लिहायला मालक तयार असतो का?

कोरडा_हौद

माणसं मोजण्याचा मुद्दा सोडवल्याशिवाय चढा दर नको, हे तुमचं मान्य. तोवर निदान दरडोई वापर तरी बिलावर छापू दे, पैसे न लावता. सचिवसाहेब, तुमच्या सोसायटीत विंगवार मीटर तरी जमेल ना? विंगेच्या टाकीच्या आउटलेटला एकेक, आकडे लिफ्टशेजारी फळ्यावर.

सचिव_नाइलाजाने

चार विंग, चार मीटर, एवढं कमिटीच्या खर्चात बसेल. पण आत्ताच सांगतो, बी विंगवाले म्हणणार की आमच्या टाकीतून क्लब हाउसला लाइन गेलीय. आणि ती गेलीच आहे.