तळ्याचं पाणी कोणत्या ऋतूत कसं लागतं? आपापले अनुभव लिहा

मंडळी, गेली चार वर्षं मी तळ्यात पोहतोय. स्विमिंग पूल सोडून तळ्यात आलेल्या प्रत्येकाची एक फजिती असते, माझीही आहे. थंडी सरली होती, ऊन चटके देत होतं, हवा ३० अंशांवर. काठाच्या गुडघाभर पाण्यात उभा राहिलो तर कोमट लागलं. मग काय, पुढे पोहत जाऊन बिनधास्त बुडी मारली. दोन पुरुष खाली गेलो असेन-नसेन, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. वर आलो तो धापा टाकतच, आणि हात मारायचं सुचेना. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडला. वर २२, तीन मीटरवर १४!

तेव्हापासून वही ठेवलीय. तारीख, वरचं तापमान, खालचं तापमान, वारा. वहीतून एक गोष्ट पक्की कळली. तळं हवेच्या बरंच मागून चालतं. लोक पंखे लावतात तेव्हा पाणी अजून हिवाळ्यातच असतं, आणि लोक स्वेटर शोधायला लागतात तेव्हा पोहायला सगळ्यात मजा येते. उथळ तळी लवकर तापतात, लवकर निवतात. आमचं खोल आहे.

तुमच्याकडे कसं? नुसतं 'गार होतं' नको. किती अंश, किती खोल, किती वेळ, बाहेर आल्यावर काय झालं, ते लिहा.

काठावरची
+१. मला वाऱ्याने फसवलं. भर उन्हाळा, शनिवारी २३ अंश, सोमवारी त्याच घाटावर १५. थर्मामीटर बिघडला म्हणून दुसरा आणला, त्यानेही १५च दाखवले. मधला अख्खा दिवस काठाकडून आत जोराचा वारा होता. त्याने वरचं ऊबदार पाणी पलीकडच्या काठाला लोटलं आणि ती जागा भरायला खालचं गार पाणी आमच्या बाजूला वर आलं. पलीकडे पोहणारी मैत्रीण त्याच सोमवारी म्हणत होती, "काय छान पाणी आहे गं आज!" आता मी अ‍ॅपमध्ये तापमान नंतर बघते, वाऱ्याची दिशा आधी.

पाणबुड्या
धागाकर्त्यांना जो झटका बसला त्याला आम्ही डायव्हिंगवाले थर्मोक्लाइन म्हणतो. दर मीटरला एक अंश किंवा त्याहून जास्त उतार असलेला पट्टा. उन्हाळ्यात तो चक्क दिसतो. तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तसं पाणी थरथरतं. एकदा मुद्दाम त्यात उभा तरंगत राहिलो. कमरेपर्यंत ऊब आणि पोटऱ्या बर्फाच्या बादलीत. बोटं खाली करून हात हळूहळू खाली नेला तर मनगट उबेत असताना बोटांची टोकं गार पडली.

कारण साधं आहे. गोडं पाणी सगळ्यात जड ४ अंशांना असतं. म्हणून उन्हाळ्यात गार पाणी तळाशी दडून राहतं आणि कडाक्याच्या थंडीत उलट होतं. बर्फ वर, त्याखाली शून्याच्या जवळचं पाणी, आणि तळाला ४ अंशांच्या आसपास. मासे जगतात ते त्यामुळे.

जुनं_तळं
एक भर घालतो. उन्हाळा संपून वरचं पाणी गार होत गेलं की ते जड होऊन खाली उतरतं आणि तळं उलथतं. आमच्याकडे एका सकाळी कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला, पाणी गढूळ. सगळे म्हणाले कुणीतरी काहीतरी सोडलं. कुणी काही सोडलं नव्हतं, महिनोन् महिने प्राणवायूविना तळाशी साठलेलं वर आलं होतं. त्या आठवड्यात वर आणि पाच मीटरवर एकच तापमान होतं, १६.

हुडहुडी
मी हिवाळ्यातच पोहतो. ८ अंशांत पंचवीस मिनिटं हा माझा विक्रम. पाण्यात मजेत होतो. बाहेर येऊन गप्पा मारल्या, फोटो काढले आणि दहा मिनिटांनी जॅकेटची चेन लावायला गेलो तर लागेना. बोटं दिसत होती, पण माझी वाटत नव्हती. शेवटी मित्राने लहान मुलाला लावावी तशी लावून दिली. मग दात असे वाजायला लागले की बोलणं बंद. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. लगेच कढत पाण्याखाली उभं राहायचं नाही, चक्कर येते. अंग कोरडं, कोरडे कपडे, टोपी, आणि चालत राहायचं.

काठावरची
@हुडहुडी, एकटे जात नाही ना?

हुडहुडी
नाही, चेन कोण लावणार!

शेवाळ
थंडीवर सगळेच लिहितायत, मला उन्हाळ्याच्या शेवटाची भीती वाटते. वारा पडलेला, पाणी २७ अंश, पोहायला अगदी लोण्यासारखं. एका कडेला हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग होता. मुलं उतरणार एवढ्यात एका आजोबांनी हटकलं. त्यांनी काडी बुडवून वर काढली. "धागे लोंबले तर साधं शेवाळ, पेंटसारखा लेप बसला तर लांब राहा." लेप बसला. ते नील-हरित जिवाणू. सगळेच विषारी नसतात, पण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. असं पाणी पिऊन कुत्री दगावतात. आम्ही टॉवेल गुंडाळून घरी. मुलं दिवसभर रुसली होती, रुसू देत.

साधासुधा
मोठ्या पावसानंतर दोन दिवस उतरत नाही. ओहोळांची सगळी घाण आत आलेली असते. बाकी काही नियम नाहीत.

शंकासुर
@हुडहुडी, वेटसूटशिवाय (ऊब धरणारा रबरी पोशाख) ८ अंशांत पंचवीस मिनिटं? जागतिक जलतरण संघटनेच्या नियमांनी ओपन वॉटर (खुल्या पाण्यातल्या) स्पर्धा १६ अंशांखाली घेत नाहीत (आणि ३१च्या वरही नाही). गार पाण्याचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे कॅनडाचे गॉर्डन गीझब्रेख्त १-१०-१ सांगतात. बर्फगार पाण्यात श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय नीट चालतात ती १० मिनिटं, शुद्ध जायला साधारण १ तास. सवयीने फरक पडतो हे मान्य. तरी थर्मामीटर एकदा तपासाच. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटांनी बघा. शून्य दाखवायला हवं.

हुडहुडी
तपासला. उणे ३ दाखवतोय.
म्हणजे माझे ८ हे ११ होते. मित्राला अजून सांगितलेलं नाही.