मदत हवी आहे: गाडीच्या रंगावर पीपीएफ (चिकटवायची पारदर्शक फिल्म) की सिरॅमिक (पातळ लावायचं कोटिंग)? शनिवारच्या आत ठरवायचंय

कासारवडवलीकर (मंगळवार, रात्री ११.१०)
पटकन सांगा. एकाने सिरॅमिकचे २२ हजार सांगितलेत, 'नाइन एच आहे, पाच वर्षं ओरखडा नाही' म्हणतो. दुसरा पूर्ण गाडीच्या पीपीएफचे ९५ हजार मागतोय. पहिल्याला ५ हजार ॲडव्हान्स देऊन बसलोय, शनिवारी सकाळी गाडी द्यायची आहे. एवढा फरक कशाचा, आणि घ्यायचं कोणतं? 'गरजेवर अवलंबून आहे' हे उत्तर कृपया नको.

पारसिक_बोगदा
गाडी कोणती, रंग कुठला, किती जुनी, उभी कुठे असते, रोजचा रस्ता कोणता? यातलं काहीच न सांगता विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन लावून 'गोळी कोणती घेऊ' म्हणण्यासारखं झालं.

सीवूड्सची_सगुणा
सिरॅमिक. पाणी घरंगळतं, चिखल धरत नाही, धुवायचा वेळ निम्मा होतो. पीपीएफ म्हणजे मोबाइलचा स्क्रीनगार्ड. सहा महिन्यांत कडेला काळी रेघ धरतो.

ऐरोली_नाका
सगुणाताई, घरंगळणं खरं, पण त्याला संरक्षण म्हणू नका. जाडी बघा. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, ४०-५०. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉन. टीपीयू या लवचीक प्लास्टिकची पीपीएफ १५० ते २००. ट्रेलरच्या चाकाखालून उडालेली खडी दोन मायक्रॉन थोडीच बघणार?

आणि ते 'नाइन एच' म्हणजे पेन्सिलीची चाचणी. नऊ एच ग्रेडच्या पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. विकणारे ते हिऱ्या-माणकाचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्‌स पट्टीवरचं नऊ असल्यासारखं सांगतात. त्या मोह्‌स पट्टीवर क्वार्ट्‌झ (गारगोटी) सातवर आहे, काच साडेपाचच्या आसपास. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झच असतो. सुक्या फडक्याने धूळ फिरवलीत तर कोटिंगवर गोल ओरखडे उठणारच.

कडेच्या काळ्या रेघेचं म्हणाल, तर फिल्मची कड पॅनलच्या आत वळवून घेतली की ती दिसतच नाही. जिथे वळवता येत नाही तिथे मऊ टूथब्रश आणि पातळ केलेला शाम्पू, पंधरा दिवसांतून एकदा.

कासारवडवलीकर (बुधवार, सकाळी ८.०५)
गडद निळी होंडा सिटी, सात महिने झाले. रोज कासारवडवली ते तळोजा एमआयडीसी. सोसायटीत उघड्यावर, झाडाखाली. पुसायला माणूस येतो. झालं? आता सांगा.

जुईनगर_जंक्शन
काचांनाही फिल्म लावून घ्या, एसीवरचा ताण कमी होतो. नियम: पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या निकालानंतर पोलीस फिल्म दिसली की अडवायचे, म्हणून पावती आणि टक्केवारीचा कागद गाडीत ठेवा.

पारसिक_बोगदा
काचांचं कोणी विचारलंय? रंगाचं चाललंय.

@कासारवडवलीकर, आता बोलता येईल. तुमच्या रस्त्यात माजिवडा, खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा. जेएनपीटी-भिवंडीचे कंटेनर सगळे तिथूनच. खडीचा मारा बसतो तो बंपर, बॉनेटचा पुढचा अर्धा भाग, आरशांची पाठ आणि दाराखालची पट्टी, म्हणजे रॉकर पॅनल, यांवर. छताला आणि डिकीला खडी लागत नाही. पूर्ण गाडीला फिल्म लावून ९५ हजार घालवू नका. पुढचा संच घ्या: बॉनेट, बंपर, दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे), आरसे, हेडलॅम्प, वर दाराच्या मुठीमागची वाटी आणि मागच्या बंपरची वरची कड, जिथे सामान घासतं. एवढं ३०-४० हजारांत बसायला हवं. बाकी गाडीला सिरॅमिक.

फरक कशाचा ते: फिल्मचा रोल दीड मीटर रुंद, पंधरा मीटर लांब. पूर्ण सेडानला जवळजवळ अख्खा रोल जातो आणि दोन माणसं दोन-तीन दिवस त्यावर असतात. सिरॅमिकची बाटली ३०-५० मिलीची. तिथे पैसे बाटलीचे नसतात, आधीच्या पॉलिशिंगचे असतात. २२ हजारांत किती टप्प्यांचं करेक्शन, म्हणजे पॉलिश करून ओरखडे काढणं, आहे ते विचारा. 'धुऊन लावतो' म्हणाला तर आजचे ओरखडे तो काचेखाली फ्रेम करून देणार.

सीवूड्सची_सगुणा
आणि झाड? झाडाखाली पीपीएफवर डाग पडत नाहीत का? पडतात!

ऐरोली_नाका
पडतात, मान्य. झाड कोणतं? पर्जन्यवृक्ष असेल तर त्यावरच्या पिठ्या ढेकणाचा चिकट रस टपकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पक्ष्याची विष्ठा त्याहून वाईट. त्यात यूरिक आम्ल असतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर ती काही तासांत क्लिअरकोट खाते. सिरॅमिकने थोडी सवड मिळते, सुटका नाही. फिल्मवर डाग पडला तर निदान फिल्म बदलता येते.

उपाय घरगुती. सहाशे मिलीची पाण्याची बाटली आणि एक ओला मायक्रोफायबर डिकीत ठेवा. फडकं डागावर दोन मिनिटं भिजत ठेवायचं, मग उचलायचं. घासायचं नाही.

कळव्याचा_काका
कव्हर घाला की. अठराशे रुपयांत काम होतं. ही सगळी श्रीमंतांची थेरं.

पारसिक_बोगदा
काका, धुळकट गाडीवर कव्हर म्हणजे पॉलिश पेपर. वाऱ्याने हलतं आणि घासतं. रोज धुऊन कव्हर घालणार असाल तर ठीक. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ असताना रोज कोण धुतंय?

कळव्याचा_काका
मेट्रोचं नाव काढू नका. गायमुखच्या खड्ड्यांत सस्पेन्शन गेलं तर त्यावर कोणतं कोटिंग लावणार?

वाशी_सेक्टर_सतरा
गायमुखसाठी वेगळा धागा आहे.

मूळ प्रश्नावर एकच भर, आणि ती शनिवारच्या आत वाचा. आधी फिल्म, मग कोटिंग. फिल्मवर सिरॅमिक चालतं. सिरॅमिकवर फिल्मचा गोंद नीट धरत नाही, कडा उचलतात. शनिवारी सगळ्या गाडीला कोटिंग केलंत आणि पुढच्या महिन्यात फिल्म लावावीशी वाटली, तर पुढचं कोटिंग आधी मशीनने उतरवावं लागेल. कोटिंगचे पैसे गेले, वर क्लिअरकोटही थोडा गेला.

कासारवडवलीकर (बुधवार, दुपारी १.४०)
हे बरं झालं सांगितलंत. म्हणजे शनिवारी पुढे फिल्म, मागे सिरॅमिक, दोन्ही तिथेच करून घेतो. डाव्या फेंडरला आणि पुढच्या बंपरला गेल्या महिन्यात रंग दिलाय, तेही नव्यासारखं राहील.

ऐरोली_नाका
थांबा. रंग दिलाय? हे आत्ता सांगताय?

कासारवडवलीकर
रिक्षाने घासलं होतं, इन्शुरन्समधून काम केलं. कंपनीच्या शेडशी जुळलाय, फरक दिसत नाही. त्याचा काय संबंध?

ऐरोली_नाका
सगळा संबंध. कंपनीतला रंग उघड्या पत्र्यावर, प्लास्टिक बसवण्याआधी भट्टीत साधारण १४० अंशांना भाजलेला असतो. बॉडीशॉपमध्ये पूर्ण गाडी उभी असते, त्यामुळे साधारण ६० अंशांच्या बूथवर (रंगकामाच्या बंद खोलीत) भागवतात. आतलं थिनर उडून जायला पुढचे काही आठवडे लागतात. त्याआधी वर फिल्म बसली तर वाफ कोंडते, बुडबुडे येतात, रंग मऊ राहतो. दुसरा धोका फिल्म काढताना. खालचा प्रायमर नीट धरलेला नसेल तर फिल्मबरोबर रंगाची सालं निघतात. प्लास्टिकच्या बंपरवर ॲडहेजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर) न मारता रंग दिला असेल तर हे हमखास होतं. आणि दुकानदार ती जबाबदारी घेत नाही, फॉर्मवर बारीक अक्षरात 'रीपेंट पॅनल वगळून' असतंच.

सीवूड्सची_सगुणा
म्हणून म्हणत होते, सिरॅमिक.

ऐरोली_नाका
ताज्या रंगावर सिरॅमिकही नको. तेही झाकणच.

वाशी_सेक्टर_सतरा
बिलावर रंगकामाची तारीख बघा, किमान तीस दिवस उलटू द्या. बूथमध्ये भाजला की नुसता वाळवला हेही बॉडीशॉपला विचारा. नुसता वाळवला असेल तर साठ धरा. आणि दुकानात जाऊन पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं मशीन) लावून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक पॅनलवर तीन ठिकाणी.

कासारवडवलीकर (गुरुवार, रात्री ९.३०)
जाऊन आलो. बॉनेट ११२, १०८, ११५. उजवा फेंडर ११८. डावा फेंडर २६०, एका ठिकाणी ३४०. बंपरवर काहीच येत नाही. त्यांचं मशीन बिघडलंय का?

वाशी_सेक्टर_सतरा
मशीन ठीक आहे. ते धातूवरच चालतं, बंपर प्लास्टिकचा आहे. २६० म्हणजे जुन्या रंगावर नवा. ३४० च्या जागी थोडी पुट्टी असणार. हजारच्या वर गेलं असतं तर काळजी होती.

कासारवडवलीकर
बिलाची तारीख बघितली, आज चोवीस दिवस. बूथमध्ये भाजलाय म्हणाले. मग शनिवार रद्द? ॲडव्हान्स बुडेल ना.

पारसिक_बोगदा
रद्द कशाला? काम बदलून घ्या. शनिवारी धुणं, आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण काढायला), क्ले (चिकटलेली घाण ओढणारी माती) आणि दोन टप्प्यांचं करेक्शन. डाव्या फेंडरला आणि बंपरला मशीन लावू देऊ नका, ते दोन्ही फक्त हाताने धुवायचे. मग बॉनेट, उजवा फेंडर, आरसे, रॉकर यांना फिल्म. त्यानंतर छत, डिकी आणि दारांना कोटिंग. बंपर आणि डावा फेंडर दोन आठवड्यांनी, त्याच रोलमधून. बिलावर रोलचा नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कंपनीच्या साइटवर तुमच्यासमोर नोंदवायला लावा. फिल्म टीपीयूचीच हवी. स्वस्तातली पीव्हीसी पिवळी पडते. गरवारेची फिल्म आपल्याकडेच, संभाजीनगरजवळ वाळूजला बनते, तिचाही भाव काढा.

अजून एक: फिल्म प्लॉटरवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) कापून आणतात की गाडीवर ब्लेडने कापतात ते विचारा. गाडीवर कापणारा हात कच्चा असेल तर ब्लेड क्लिअरकोटमध्ये उतरतं, आणि ते फिल्म निघेपर्यंत कळत नाही.

जुईनगर_जंक्शन
फिल्मखाली पाण्याचे फुगे दिसले तर बारीक सुईने टोचा, लगेच बसतात.

ऐरोली_नाका
टोचू नका! भोकातून धूळ जाते आणि काळा ठिपका कायमचा राहतो. ते फुगे लावतानाच्या पाण्याचे असतात, एक-दोन आठवड्यांत आपोआप सुकतात. बोटाला कडक लागणारा दाणा असेल तर ती आत अडकलेली माती. तो भाग त्यांच्याकडूनच बदलून घ्या. पहिले सात दिवस धुऊ नका, आणि नंतरही प्रेशर गन कडेवर रोखून धरू नका.

कोटिंग केलेल्या भागाला बारा तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको. दमट हवेत कोटिंग लवकर आवळतं. म्हणून अर्धं-अर्धं पॅनल लावून लगेच पुसायला सांगा, नाहीतर तेलकट ढग दिसतात. गाडी घेताना ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उन्हात आणून बघा.

सीवूड्सची_सगुणा
आणि टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवू नका. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं म्हणून आम्हाला जाणवत नाही. घोडबंदरला थेंब वाळले की कॅल्शियमची पांढरी वर्तुळं उरतात, आणि कोटिंगवर थेंब फुगीर बसतात म्हणून ती अधिकच उठून दिसतात. आलीच तर निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, गार पॅनलवर एक मिनिट, मग भरपूर पाणी.

ऐरोली_नाका
यावर ताईंशी पूर्ण सहमत. पहिल्यांदाच.

कासारवडवलीकर (शुक्रवार, सकाळी ७.५०)
फोन केला. ५ हजार करेक्शनमध्ये वळते करतोय, फिल्म प्लॉटरवरच कापतात म्हणाला. आता रोज पुसायला येणाऱ्याला काय सांगू? एक बादली, एक फडकं, वीस गाड्या.

पारसिक_बोगदा
पैसे तेवढेच द्या, रंगाला हात लावू नको म्हणा. काचा आणि टायर, बस.

कासारवडवलीकर
आणि काचा त्याच फडक्याने?

पारसिक_बोगदा
वेगळं द्या. टायरचं काचेला लागलं की वायपरखाली किर्रर्र ऐकत तळोज्याला जाल.