आधी केमो म्हणजे वेळ वाया नव्हे

ताई, आईच्या अंडाशयाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात असताना डॉक्टर आधी तीन केमो देऊन मग ऑपरेशन म्हणतात, यात वेळ जातोय का, असं तुम्ही विचारलंत. नाही जात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत आधी ऑपरेशन आणि आधी केमो, दोन्ही गटांतल्या बायका साधारण सारखंच जगल्या. खरा फरक पडला तो सर्जनला पोटात डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे ठेवावी लागली नाही तिथे. पूर्वी एक सेंटीमीटरपर्यंत उरलेलं चालतं म्हणायचे, आता काहीच उरू नये हे ध्येय असतं.

आमच्या काकूंचं इथे नागपुरातच झालं. केमोआधी पोट पाण्याने इतकं तट्ट फुगलेलं की नऊवारीचा काष्टा बसेना. तिसऱ्या केमोनंतर त्या मानेवाड्याहून ऑटोने एकट्या तपासणीला गेल्या. ऑपरेशन सहा तास चाललं, आतड्याचा तुकडाही काढला.

एक मात्र नक्की करा. साध्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नको, कॅन्सरच्या सर्जनकडेच ऑपरेशन करा, आणि नंतर कागदावर ‘किती उरलं’ हे लिहून मागा. पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.