मदत हवी आहे: शिकारीच्या केबिनवर गांजा आणि बंदुका
सर्वांना नमस्कार. मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो आणि १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू झाला की सहकाऱ्यांबरोबर उत्तरेकडील जंगलातल्या त्यांच्या केबिनवर जातो. बंदुका रिकाम्या करून कुलपात ठेवल्याशिवाय तेथे कोणी बिअरची बाटली उघडत नाही. गांजाबाबत मात्र असा कोणताही दंडक नाही. २०१८ च्या मतदानानंतर राज्यात तो प्रौढांसाठी कायदेशीर झाला असल्यामुळे काही जण पहाटे मचाणावर जाण्यापूर्वीही गांजाच्या गमी (चघळून खायच्या मऊ गोळ्या) खातात, आणि पोटातून घेतलेल्या गांजाचा अंमल कधी कधी दोन तासांनी, म्हणजे नेमका भरलेली बंदूक हातात असताना चढतो, याची मला फार भीती वाटते. शिवाय दुकानातून बंदूक विकत घेताना भरावयाच्या संघराज्य सरकारच्या अर्जातही गांजाविषयी स्वतंत्र इशारा असतो.

यंदा माझा १४ वर्षांचा मुलगा बरोबर येणार आहे. आपल्यापैकी जे अशा केबिनवर जातात, त्यांच्याकडे गांजा घेतल्यानंतर किती वेळ बंदुकीला हात लावायचा नाही असे ठरलेले आहे, आणि यजमान वयाने मोठे असताना हा विषय त्यांच्यापुढे कसा मांडावा, हे कृपया सांगावे.